तामलवाडीच्या दोन खोल्या

लोहाऱ्याच्या कार्यालयात मी अकरा वर्षं कारकून म्हणून काढली. माकणीहून सकाळी मोटारसायकलवर जायचं, संध्याकाळी परत यायचं. तिथं एक शिपाई होते, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. सरकारी कचेरीत वयस्क शिपायाला मामा म्हणायची पद्धतच आहे, तसे आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्या हाकेत फार माया असते असं नाही. मामा, पाणी आणा. मामा, ही फाईल साहेबांकडं ठेवा. एवढंच.

मामांचं गाव तामलवाडी. तिथं त्यांचं घर, थोडं रान आणि मामी. लोहाऱ्यात ते एका खोलीत एकटे राहायचे, हातानं भाकरी थापून खायचे. एका दुपारी त्यांच्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी याशिवाय काही दिसलं नाही, म्हणून त्या दिवशी मी त्यांना मागं बसवून माकणीला जेवायला नेलं. आईनं विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "मामा." आई हसून म्हणाली, "तुझा मामा म्हंजे माझा भाऊच की." मामांनी लगेच वाकून तिच्या पायाला हात लावला आणि तिला अक्का म्हणाले. पुढं आठवड्यातून एकदा तरी ते आमच्याकडं जेवायला असायचे. येताना कधी शेवग्याच्या शेंगा आणायचे, कधी आईच्या गुडघ्यांसाठी कसलं तरी तेल.

वडील शेवटच्या आजारात सोलापूरच्या दवाखान्यात नऊ दिवस होते. मामांनी आपली रजा टाकली आणि नऊही दिवस तिथं राहिले. वडिलांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, घाण काढणं हे सगळं त्यांनी केलं. मी मुलगा, पण मला ते जमायचं नाही. अंग पुसायची वेळ झाली की मी औषधं आणायच्या निमित्तानं जिना उतरायचो आणि खाली चहाच्या गाड्यावर उभा राहायचो. वर येईपर्यंत वडिलांना स्वच्छ धोतर नेसवलेलं असायचं. मामा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आईलाही त्यांनी सांगितलं ते एवढंच, की लेकरानं लई केलं बापाचं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं मी काय केलं ते त्याशिवाय नीट कळणार नाही.

मामांनी विनंती अर्ज करून तुळजापूरला बदली घेतली. तामलवाडीहून तुळजापूर जवळ, रोज घरून येणंजाणं होतं. तीन वर्षांनी मला बढती मिळाली आणि नेमणूक त्याच कार्यालयात झाली. आस्थापना माझ्याकडं आली. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा, हजेरी, सेवापुस्तकं सगळं माझ्या सहीनं. मामाही त्यात आले.

माकणीहून तुळजापूरला रोज जाऊन येणं होण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षी मुलीला सोलापूरच्या कॉलेजात औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश मिळाला होता. तिला वसतिगृहात ठेवायची बायकोची तयारी नव्हती. म्हणजे बिऱ्हाड हलवायचं, हे पक्कं. आई, आम्ही दोघं आणि मुलगी. प्रश्न एवढाच होता की घर तुळजापुरात बघायचं की सोलापूरच्या बाजूला थोडं पुढं. एका रस्त्यावर ही तिन्ही ठिकाणं येतात. वर तुळजापूर, खाली सोलापूर, आणि साधारण मधोमध तामलवाडी.

बढतीची बातमी कळली त्याच दिवशी मामांचा फोन आला.

"साहेब, अभिनंदन."

"मामा, साहेब काय म्हणता? भाऊसाहेब म्हणा की नेहमीसारखं."

"न्हाय न्हाय. आता तुमी साहेब."

मी तोंडानं नको म्हणालो, पण ते ऐकायला मला बरं वाटलं होतं. हेही सांगायलाच पाहिजे.

मामा म्हणाले, त्यांनी घराला लागून दोन खोल्या काढल्यात. पोरगा पुण्याला कायमचा गेला, तो काही परत येत नाही. "खोल्या रिकाम्याच हायत. तुमी या. अक्काला अंगण हाय. लेकीला सोलापूर निम्म्यावर येतं. तुमच्यासाठी बी गाडी रोज हायच, आपण संगट जाऊ."

पुढच्या रविवारी आम्ही चौघं बघायला गेलो. गावाच्या कडेला घर, समोर द्राक्षाची बाग, अंगणात शेवगा, गोठ्यात एक म्हैस. दोन मोठ्या खोल्या, शहाबादी फरशी, स्वयंपाकाचा ओटा. मामींनी सकाळीच फरशी धुऊन ठेवली होती, खिडक्यांचे गज पुसले होते. मुलगी गच्चीवर जाऊन आली आणि म्हणाली, इथून गाड्या दिसतात. बायकोनं ओट्याची उंची हातानं मोजली आणि म्हणाली, "बरोबर माझ्या मापाची आहे." आई तर अंगणात बाजेवर बसली ती उठेचना.

आईचं वेगळं होतं. भूकंपात आमच्या जुन्या घराची डोक्यावरची मातीची माळवदं खाली आली तेव्हा ती त्या घरात होती. धाकटी आत्या तिच्या शेजारी होती, ती वाचली नाही. नंतर सरकारनं नवी घरं बांधून दिली, साधी, बैठी, आणि तिथं आई पुन्हा झोपायला शिकली. पण दाराजवळ. डोक्यावर दुसऱ्याचं घर आहे आणि पायाखाली दुसऱ्याचं घर आहे, असल्या ठिकाणी तिला श्वास पुरत नसे. एकदा माझ्या मेव्हण्याच्या फ्लॅटवर गेलो, तर दोन तासांत "चला" म्हणून उठली होती. तामलवाडीच्या त्या अंगणात बसून ती मामांना म्हणाली, "भाऊ, हितनं लगेच भाईर पळता येतंय बघा." सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "व्हय अक्का. म्हणूनच म्हणलं."

निघताना मी मामांना म्हणालो, "मला तर पसंत आहे." तेव्हा ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, मी तुळजापूरला रुजू झालो. दुपारी डबे उघडले तेव्हा माझ्या बरोबरीच्या हुद्द्याचे एक सहकारी होते, त्यांनी विचारलं, घर कुठं बघितलं. मी सांगितलं. त्यांनी घास तोंडाजवळ नेता नेता थांबवला.

"म्हणजे आपल्या मामाच्या घरात? अहो, शिपायाचे भाडेकरू होणार तुम्ही?"

टेबलावरचे दोघं-तिघं हसले. मी पण हसलो. "छे, नुसतं बघून आलो," म्हणालो.

एवढंच झालं. कुणी मला दम दिला नाही, कुणी अडवलं नाही. पण त्या एका वाक्यानं माझं डोकं भलतीकडं चालू लागलं. उद्या मी बनियनवर अंगणात उभा असणार आणि मामा म्हशीची धार काढत असणार. त्यांच्या रजेच्या अर्जावर मी सही करणार आणि संध्याकाळी त्यांच्याच दारातून माझ्या खोलीत शिरणार. त्यांना उशीर झाला तर मी बोलणार कसा? ऑफिसातली माणसं म्हणणार, साहेब आणि शिपाई एकाच गाडीवरून येतात. लोहाऱ्यात मीच त्यांना माझ्या गाडीवरून नेत होतो, आणि तेव्हा मला त्यात काही वाटत नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं, पण मी तिकडं दुर्लक्ष केलं.

मामांना सरळ नाही म्हणायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम. ते मी केलं नाही. त्याऐवजी बुधवारी, ते टपाल घेऊन माझ्या टेबलाशी आले तेव्हा म्हणालो, "मामा, खोल्या छान आहेत, पण तिथं पाण्याचं काय? उन्हाळ्यात टंचाई असणार. चार माणसांचं बिऱ्हाड."

ते म्हणाले, "बरोबर हाय साहेब. ध्यानात नव्हतं."

मला वाटलं, सुटलो. आठ दिवसांनी ते खुशीत आले. त्या दोन खोल्यांसाठी त्यांनी गच्चीवर वेगळी टाकी बसवून घेतली होती आणि शेजारच्या बागाईतदाराच्या बोअरवरून पाइप ओढला होता. "बारमाही पाणी. मालक म्हणला, साहेब येणार असले तर माझी काय ना न्हाय."

मी म्हणालो, "अरे वा." आणि लगेच पुढचं कारण काढलं. "पण मामा, मुलीचा प्रश्न आहे. जलद गाड्या तामलवाडीला थांबत नाहीत म्हणे. सकाळी कॉलेजची वेळ चुकली तर?"

 नंतरच्या सोमवारी त्यांनी माझ्यासमोर वहीचा एक कागद ठेवला. निळ्या पेनानं, मोठ्या अक्षरात, सकाळी सहापासून नऊपर्यंत तामलवाडीला थांबणाऱ्या प्रत्येक बसची वेळ लिहिलेली होती. कुठली गाडी भरून येते, कुठलीत जागा मिळते, कुठल्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, तेसुद्धा. तीन दिवस पहाटे उठून ते फाट्यावर उभे राहिले होते आणि तिथूनच मग ऑफिसला आले होते. मला आठवलं, त्यातल्या एका दिवशी ते दहा मिनिटं उशिरा आले होते आणि मी हजेरीपटाकडं आणि घड्याळाकडं त्यांना दिसेल असं बघितलं होतं.

मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. तेव्हा तरी बोलायचं. पण आता अवघड झालं होतं. पहिल्या दिवशी नाही म्हणालो असतो तर नुसतं नाही झालं असतं. आता नाही म्हणायचं म्हणजे टाकीचा, पाइपाचा, त्या कागदाचा जाब द्यावा लागणार होता.

म्हणून मी आईला पुढं केलं. म्हणालो, "आईचे गुडघे फारच बिघडलेत. तिला खाली बसता येत नाही. तुमच्याकडचा संडास साधा आहे ना."

एवढ्यात मी तुळजापुरात घर ठरवूनही आलो होतो. नव्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. इमारतीत सगळे नोकरदार, खाली पाट्या लावलेल्या, नाव आणि हुद्दा. लिफ्ट नव्हती. बायको म्हणाली, "आणि आई? तामलवाडीचं काय झालं?" मी तिला सांगितलं की मामांचा विचार बदलला, पोरगा परत येणार आहे पुण्याहून. ती हळहळली.  आईनं फक्त विचारलं, "कितवा माळा?" मी सांगितल्यावर ती उठून आत गेली.

पत्ता बदलल्याचा अर्ज कार्यालयात द्यावा लागतो. घरभाडे भत्त्यासाठी त्यावर नवा पत्ता लिहून मी तो फाईलमध्ये घातला आणि वरच्या साहेबांकडं सहीला पाठवायला टेबलाच्या कडेला ठेवला. फायली कोण नेतं, याचा मी विचार केला नव्हता. किंवा केला असेल आणि तोंडानं सांगण्यापेक्षा तसं कळलेलं बरं, असं वाटलं असेल. आज मला ते नक्की सांगता येत नाही.

दुपारी मामा फाईल परत घेऊन आले. सही झाली होती. त्यांनी ती माझ्यासमोर नीट सरळ करून ठेवली.

"तुळजापुरातच घेतलं व्हय साहेब घर."

मी वर बघितलं नाही. "हो, मामा. म्हणजे काय झालं, मंडळींचं म्हणणं पडलं, शहरातच राहायचं. बायकांचं तुम्हाला माहीत आहे."

"बरोबर हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्या कालच कमोड बसवून घेतला हुता. असू द्या. मामीला व्हईल. तिचे बी गुडघे दुखत्यात."

ते गेले. मी त्या अर्जाकडं बघत बसलो. वहीच्या कागदापेक्षा, टाकीपेक्षा मला ते जास्त लागलं. आईचे गुडघे दुखतात हे खोटं नव्हतं. आणि त्या गुडघ्यांच्या नावानं ज्याला परत पाठवलं त्यानं कमोड बसवला होता आणि मी तिला दोन जिने वर नेणार होतो.

सामान हलवायचा रविवार मी मामांना सांगितला नव्हता. तरी ते आले. टेम्पो वसाहतीत शिरला तेव्हा ते फाटकाशी उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, खांद्यावर टॉवेल. म्हणाले, "टेम्पोवाल्यानं सांगितलं, आमच्याच गावचा हाय." त्यांनी गोदरेजचं कपाट टेम्पोवाल्याबरोबर वर नेलं. पिठाचे डबे नेले, शिलाई मशीन नेलं. वय तेव्हा अठ्ठावन्न.

सामान निम्मं झाल्यावर ते खाली आले आणि आईजवळ गेले. ती टेम्पोच्या सावलीत स्टुलावर बसून इमारतीकडं बघत होती.

"चला अक्का. म्या हाय."

एक हात कठड्यावर, एक हात मामांच्या हातात, अशी ती चढली. दर चार पायऱ्यांना थांबत होती. पहिल्या मजल्यावर तिनं विचारलं, "भाऊ, तुमचा पोरगा कवा येणार हाय पुण्याहून?" मामा क्षणभर गोंधळले. मग माझ्याकडं बघितलं. मी दोन पायऱ्या खाली होतो, हातात देवांची टोपली घेऊन. त्यांना सगळं समजलं असावं. आईकडं वळून म्हणाले, "येईल की. आज ना उद्या येईल."

माझं खोटं त्यांनी असं सांभाळून घेतलं.

वर पोचलो तेव्हा समोरचं दार उघडलं. शेजारी दुसऱ्या खात्यातले अधिकारी होते, इस्त्रीचा झब्बा घालून. ओळख झाली. हुद्दा विचारून झाला. मग त्यांनी मामांकडं बघून विचारलं, "हे कोण? वडीलधारे कुणी?" मामा आईला खुर्चीत बसवत होते. घाम पुसायला त्यांनी टॉवेल वर घेतला होता.

मी म्हणालो, "नाही नाही. आमच्या ऑफिसातला शिपाई आहे."

शिपाई आहेत, असंसुद्धा म्हणालो नाही. लोहाऱ्यापासूनच्या एवढ्या वर्षांत मी त्यांच्याबद्दल कधी असं एकेरी बोललो नव्हतो. मामांनी तोंडावरून टॉवेल फिरवला, घडी केला, खांद्यावर टाकला. बायकोनं चहा टाकला होता. "थांबा मामा, झालाच," ती म्हणाली. ते म्हणाले, "न्हाय ताई, म्हशीची येळ झाली." आईला नमस्कार करून गेले.

त्यानंतर ऑफिसात काही बदललं नाही. ते वेळेवर यायचे, पाणी ठेवायचे, साहेब म्हणायचे. त्यांच्या वागण्यात मला कुठं राग सापडेना. मी शोधत होतो. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. घरी मात्र यायचे नाहीत. बायकोनं दोन-तीनदा निरोप पाठवला, मी तो दिलाही, ते "येतो की" म्हणायचे. खोल्यांत तामलवाडीच्या दवाखान्यातली नर्स राहायला आली, असं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

आई त्या घरात पहिले चार महिने दाराजवळ झोपली, चपला उशाशी ठेवून. दिवसा गॅलरीत बसायची, पण भिंतीला पाठ लावून, कठड्यापासून लांब. खाली उतरायची ती दवाखान्यासाठी. तुळजापुरात राहून देवीला ती वर्षभरात दोनदा गेली असेल. मुलगी रोज बसमधून तामलवाडीवरून जायची. एकदा ती सहज म्हणाली, "पप्पा, तिथून बसले असते तर रोज दीड तास वाचला असता." मी पेपर वाचत होतो, तो वाचत राहिलो.

दोन वर्षांनी मामा सेवानिवृत्त झाले. कार्यालयात निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, फुलांचा हार. आस्थापनेचा म्हणून मला बोलायला लावलं. मी म्हणालो, अत्यंत कर्तव्यदक्ष, मितभाषी, वक्तशीर. वक्तशीर म्हणताना मला तो दहा मिनिटांचा उशीर आठवला आणि पुढचं वाक्य सुचेना. लोकांना वाटलं, गहिवरलो. टाळ्या वाजल्या.

कार्यक्रमाला मामी आल्या होत्या आणि बायकोलाही मी आणलं होतं. चहाच्या वेळी दोघी एका कोपऱ्यात उभ्या असलेल्या मी बघितल्या. घरी येताना रिक्षात बायको बाहेर बघत बसली होती. दार उघडून आत आल्यावर पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मामींनी मला काय विचारलं माहीत आहे?"

"काय?"

"म्हणाल्या, बाई, आमच्या घरात तुमाला काय खोट दिसली ते एकदा सांगा. मी म्हणाले, मामी, कसली खोट? तर म्हणाल्या, साहेबांनी ह्यांना सांगितलं, मंडळींना गावात न्हाय राहायचं. मी तिथं उभी होते, हातात कप होता.  मी त्यांच्या ओट्याची उंची मोजली होती. आठवतंय?"

मी पायातले बूट काढत राहिलो.

"दोन वर्षं त्या बाईच्या मनात मी अशी आहे. आणि पोरगा पुण्याहून येणार होता ना? तो तर कधी येणारच नव्हता म्हणे. मला खोटं सांगितलंत, त्यांना खोटं सांगितलंत. कशासाठी?"

आई आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी कारण सांगितलं. डबा खाताना कोण काय म्हणालं ते सांगितलं. मोठ्यानं सांगताना ते किती क्षुल्लक आहे ते मला ऐकू आलं. एका माणसानं हसून टाकलेलं एक वाक्य. तो माणूस वर्षभरात बदली होऊन गेला होता, आणि कार्यालयात नंतर कुणी माझ्या घराची चौकशीसुद्धा केली नव्हती.

आई एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाला त्यांनी न्हाऊ घातलं हुतं. मला ठावं हाय. तू खाली जात हुतास, ते बी ठावं हाय." मला वाटत होतं, ते फक्त मला आणि मामांना माहीत आहे. नंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायको बोलायची, कामापुरतं.

पुढच्या रविवारी मी एकटा तामलवाडीला गेलो. मामा अंगणात शेवग्याच्या फांद्या तोडत होते. मामींनी मला बघून आतून खुर्ची आणली. नर्सच्या खोल्यांना कुलूप होतं, ती ड्युटीवर होती. गच्चीवर काळी टाकी दिसत होती.

मी येताना बसमध्ये बरंच ठरवलं होतं. तिथं बसल्यावर त्यातलं काही राहिलं नाही. मी म्हणालो, "मामा, पाण्याचं काही नव्हतं. गाड्यांचंही नव्हतं. हिचं तर काहीच नव्हतं, तिला घर आवडलं होतं. मलाच लाज वाटली. ऑफिसातले काय म्हणतील म्हणून."

मामांनी कोयता खाली ठेवला.

"ठावं हाय साहेब."

"कधीपासून?"

"दुसऱ्या कारणापासनं. बसचं म्हणला ना, तवा."

"मग कमोड कशाला बसवलात?"

त्यांनी हाताला लागलेला शेवग्याचा पाला झटकला. मग म्हणाले, "वाटलं, कारणं सरली म्हंजी येतील. माणूस कारण सांगतोय म्हंजी त्याचं मन थोडं तरी हाय, असं वाटतं. नको म्हणला असता तर म्या काय रुसलो असतो? म्या बी कचेरीतच जन्म काढलाय. साहेबाला शिपायाच्या घरी राहायला जड जातंय, येवढं कळतं मला. तुमी म्हणायचं, मामा, जड जातंय. मीच म्हणलो असतो, मग नका येऊ."

 मामी चौकटीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आन म्या त्या बाईचा राग धरला. संक्रांतीला त्यांनी वाण धाडलं हुतं, म्या उलट काय बी धाडलं न्हाय. तिचा काय गुन्हा?" त्यांचे डोळे भरले होते. माझ्या खोट्यानं त्या बिचाऱ्या अपराधी झाल्या होत्या. "लावा बरं फोन तिला," त्या म्हणाल्या.

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्या तो घेऊन गोठ्याकडं गेल्या. बराच वेळ त्यांचा आवाज येत होता, मधे हसू पण आलं. मामा आणि मी समोरासमोर बसून होतो. त्यांनी विचारलं, नवा शिपाई कसा आहे. मी म्हणालो, ठीक आहे. ते म्हणाले, "त्याला एकदा नीट सांगा, कपाटाची किल्ली खालच्या खणात हाय."

आम्ही अजून दुसऱ्या मजल्यावरच आहोत. मुलीचं शिक्षण पुढच्या वर्षी संपेल. आई आता उन्हाळ्यात महिनाभर तामलवाडीला राहते, नर्स सुट्टीवर गेली की तिच्या खोलीत, नाहीतर मामींजवळ. ते तिचं तिनंच ठरवलं, मला विचारलं नाही. बायको आणि मामी पापड-कुरडया एकत्र करतात. मी आईला सोडायला जातो आणि आणायला जातो. मामा खुर्ची देतात, मामी चहा देतात, म्हैस व्याली की चिकाचा डबा बांधून देतात. कुणी काही बोलून दाखवत नाही. मला मात्र तिथं पाय पसरून बसता आलेलं नाही. पंधरा मिनिटं झाली की मी घड्याळ बघतो आणि बस चुकेल म्हणून उठतो. बस दर अर्ध्या तासाला आहे, हे तिथं सगळ्यांना माहीत आहे.